नंदुरबारचा ऑक्सिजन: एका जिल्ह्याच्या तयारीचा हिशेब

एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात खाटांइतकाच ऑक्सिजन दुर्मीळ झाला. १६ एप्रिलच्या रात्री मुंबई महापालिकेच्या सहा रुग्णालयांमधला साठा संपत आल्यानं १६८ रुग्णांना रातोरात दुसऱ्या रुग्णालयांत हलवावं लागलं. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. १९ तारखेला कळंबोलीहून सात रिकामे टँकर मालगाडीवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले, तेव्हा कुठे २३ आणि २४ एप्रिलला नागपूर आणि नाशिकला द्रवरूप ऑक्सिजन उतरला.

याच काळात राज्याच्या वायव्य टोकावरच्या नंदुरबार जिल्ह्याला ऑक्सिजनसाठी बाहेर धावाधाव करावी लागली नाही. हा जिल्हा आदिवासीबहुल आहे. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतले पाडे सातपुड्याच्या डोंगररांगांत विखुरलेले आहेत. ऑक्सिजन द्रवरूपात तयार करणारे मोठे कारखाने चाकण, तळोजा, डोलवी अशा पुणे-रायगडच्या पट्ट्यात. तिथून टँकर निघाला तरी शेकडो किलोमीटरचा रस्ता, आणि वाटेत त्याच टँकरकडे डोळे लावून बसलेले चार-पाच जिल्हे. कागदावर पाहिलं तर सर्वांत आधी अडचणीत यायला हवा होता तो हाच जिल्हा.

तो का आला नाही, याचं उत्तर बहुतेकदा ‘त्यांनी प्लांट बसवला होता’ एवढंच दिलं जातं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. प्लांट पुढे देशभर बसले आणि त्यांतले अनेक नुसते उभे राहिले. नंदुरबारच्या प्रकरणात तीन गोष्टी एकत्र आल्या: वेळेवर घेतलेला निर्णय, प्लांटची नीट जुळणी, आणि रुग्णाच्या खाटेशी होणारी मोजणी. तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत लवकर विसरली गेली.

ओहोटीतला निर्णय

पहिल्या लाटेच्या शिखरावर नंदुरबारमध्ये दिवसाला साधारण १९० रुग्ण सापडत होते. सप्टेंबर २०२० मध्ये जिल्हा रुग्णालयात पहिला पीएसए प्लांट, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र, सुरू झाला. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः एमबीबीएस डॉक्टर. एका प्लांटचा खर्च सुमारे ८५ लाख रुपये. पैसा जिल्हा नियोजनातून, आपत्ती निधीतून आणि कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीतून (सीएसआर) उभा केला गेला. त्यानंतर रुग्णसंख्या उतरली. राज्यभर कोविड केंद्रं बंद होऊ लागली, कंत्राटी कर्मचारी घरी गेले. नंदुरबारमध्ये मात्र प्लांटची संख्या वाढवली गेली. दुसऱ्या लाटेत दिवसाला बाराशेच्या घरात रुग्ण सापडू लागले तेव्हा यंत्रं बसलेली, पाइप जोडलेले आणि माणसं शिकलेली होती.

यातला वेळेचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. कंप्रेसर, ड्रायर आणि झिओलाइट (नायट्रोजन धरून ठेवणारे दाणे) यांची मागणी देऊन यंत्र उभं राहायला शांत काळातही आठवडे लागतात. झिओलाइट बऱ्याच अंशी आयात होतं. लाटेत सगळा देश एकाच वेळी त्याच मोजक्या पुरवठादारांच्या दारात उभा असतो. केंद्र सरकारनं १६२ पीएसए प्लांटसाठी ऑक्टोबर २०२० मध्ये निविदा काढली. १८ एप्रिल २०२१ पर्यंत त्यांतले ३३ बसले होते. पैशाची चणचण हे त्याचं कारण नव्हतं, सगळ्यांसाठी मिळून जेमतेम दोनशे कोटींची तरतूद होती. जागा ताब्यात देणं, चौथरा बांधणं, विजेचा भार मंजूर करून घेणं, पाइपलाइन जोडणं ही कामं ज्यानं त्यानं दुसऱ्यावर ढकलली. एका जिल्ह्यात बसलेला, स्वाक्षरीचा अधिकार असलेला अधिकारी या चारही टेबलांवर एकाच दिवशी फिरू शकतो. नंदुरबारला फायदा झाला तो इथे.

यंत्र काय करतं, आणि काय करत नाही

हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि एका टक्क्याच्या आत आरगॉन असतो. कंप्रेसर हवा सात-आठ बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) दाबतो. ड्रायर तिच्यातलं पाणी काढतो, फिल्टर तेल आणि धूळ अडवतात. मग ती हवा झिओलाइटचे दाणे भरलेल्या दोन टाक्यांपैकी एकीतून जाते. दाणे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे निघतो. काही सेकंदांनी पहिली टाकी दाब सोडून नायट्रोजन बाहेर फेकते आणि दुसरी कामाला लागते. आरगॉन ऑक्सिजनबरोबरच राहतो, त्यामुळे शुद्धता ९५-९६ टक्क्यांपलीकडे जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं ९३ टक्के, तीन इकडे-तिकडे, ही शुद्धता उपचारासाठी मान्य केली आहे. रुग्णाला त्यानं काही कमी पडत नाही.

आता आकडे. ६०० लिटर प्रतिमिनिट क्षमतेचं यंत्र तासाला ३६ घनमीटर आणि दिवसाला ८६४ घनमीटर वायू देतं. एका जम्बो सिलिंडरमध्ये सात घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर वायू मावतो. म्हणजे हे यंत्र रोज सुमारे १२३ जम्बो सिलिंडरांचं काम करतं. द्रवरूपात मोजलं तर साधारण सव्वा टनाच्या आत. एवढा वायू काढायला त्याच्या दहा-बारा पट हवा दाबावी लागते. एका घनमीटरला सव्वा ते दीड युनिट वीज धरली, तर एका जम्बोइतक्या वायूला नऊ-दहा युनिट लागतात, आणि यंत्राला पन्नास किलोवॅटचा भार सलग हवा. रुग्णालयाच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवर हा भार आणि एप्रिलमधले एसी एकत्र आले की व्होल्टेज पडतं आणि कंप्रेसर बंद पडतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर, स्टॅबिलायझर आणि पूर्ण भार पेलणारा डिझेल जनरेटर हे प्लांटचेच भाग मानून अंदाजपत्रकात घालायचे. अनेक ठिकाणी ते ‘नंतर बघू’मध्ये गेले.

आणखी एक गैरसमज. पीएसए प्लांटमधून वायू चार-पाच बार दाबानं बाहेर पडतो. तो पाइपलाइनला चालतो, सिलिंडरला नाही. सिलिंडर भरायचा तर दाब १५० बारपर्यंत नेणारा वेगळा बूस्टर लागतो. बूस्टर नसलेल्या प्लांटचा ऑक्सिजन त्या इमारतीबाहेर जाऊच शकत नाही, मग तालुक्याच्या रुग्णालयात कितीही गरज असो.

किती रुग्णांना पुरतो

केंद्राच्या त्या वेळच्या नियोजनात असं गृहीत होतं: शंभर सक्रिय रुग्णांपैकी तीन आयसीयूत, प्रत्येकी मिनिटाला २४ लिटर, सतरा मध्यम स्वरूपाचे, त्यांतल्या निम्म्यांना ऑक्सिजन, प्रत्येकी १० लिटर. हजार सक्रिय रुग्ण धरले तर आयसीयूचे ३० गुणिले २४, म्हणजे ७२० लिटर. वॉर्डातले ८५ गुणिले १०, म्हणजे ८५० लिटर. एकूण मिनिटाला १,५७० लिटर. या हिशेबानं ६०० चं एक यंत्र ३८० सक्रिय रुग्णांनाच पुरतं.

दिवसाला हजाराच्या वर नवे रुग्ण असताना केवळ यंत्रांच्या क्षमतेवर जिल्हा तरला असता, असं म्हणता येत नाही. मागणीच्या बाजूनं काहीतरी घडत होतं. एक म्हणजे रुग्ण लवकर येत होता. शाळा आणि सभागृहांत विलगीकरणाच्या सोयी, रुग्णवाहिकांची वाढवलेली संख्या आणि गावोगाव फिरणारी पथकं यांमुळे ऑक्सिमीटरवर ९० च्या आसपासचा आकडा दिसताच उपचार सुरू करण्यावर भर होता. ९० वर आलेल्या माणसाला नाकातल्या नळीनं दोन-चार लिटर पुरतात. तोच माणूस घरी थांबून ७५ वर आला तर पंधरा लिटरचा मास्क, आणि पुढे ६० लिटरचं हाय-फ्लो यंत्र. हाय-फ्लो पूर्ण ऑक्सिजनवर चालवलं तर ७,००० लिटरचा जम्बो दोन तासांच्या आत संपतो. वॉर्डातला दहा लिटरवाला रुग्ण तोच सिलिंडर साडेअकरा तास वापरतो. म्हणजे वेळेत आणलेला एक रुग्ण यंत्रावर पडणारा बराच भार आधीच उतरवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘ऑक्सिजन नर्स’.

शेवटचे तीन मीटर

नंदुरबारमध्ये साधारण पन्नास रुग्णांमागे एक परिचारिका फक्त ऑक्सिजनवर लक्ष ठेवायला नेमली गेली. राज्य सरकारनं पुढे ही पद्धत इतर जिल्ह्यांना सुचवली. कल्पना इतकी साधी आहे की वरच्या बैठकीत तिचं महत्त्व पटत नाही, पण आमच्या मते या साऱ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

भरलेल्या वॉर्डात फ्लोमीटर, म्हणजे आतल्या गोळ्यानं वायूचा प्रवाह दाखवणारी नळी, वाढवला जातो, कमी कोणी करत नाही. रात्री दम लागला म्हणून दहावर नेलेला गोळा सकाळी रुग्ण सुधारला तरी दहावरच असतो. नातेवाईक घाबरून स्वतःच फिरवतात. रुग्ण संडासला गेला, मास्क उशीवर, वायू चालू. १५ लिटरवर असलेला मास्क वीस मिनिटं उघडा राहिला तर ३०० लिटर गेले. पन्नास खाटांवर दिवसातून तीनदा हे घडलं तर ४५,००० लिटर, म्हणजे सहाहून जास्त जम्बो, कोणाच्याही फुप्फुसात न जाता हवेत मिसळतात. हा ऑक्सिजन आगीच्या दृष्टीनंही धोक्याचा. तो चादरीत आणि कपड्यांत मुरतो आणि ठिणगी पडली तर आग झपाट्यानं पसरते.

ऑक्सिजन नर्सची फेरी अशी असते. रुग्ण शांत बसलेला किंवा पडलेला असताना, बोट गरम आणि नखरंग नसलेलं पाहून, ऑक्सिमीटरवर आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. लक्ष्य ९२ ते ९६. सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या, रुग्णाला ८८ ते ९२. शंभर दिसतंय म्हणून समाधान मानायचं नाही. शंभर म्हणजे वायू जास्त जातोय. ९६ च्या वर असेल तर एक-दोन लिटर कमी करून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा पाहायचं. पालथं झोपवून आकडा सुधारतो का तेही पाहायचं. रुग्ण जेवायला उठला आणि तेवढा वेळ मास्कशिवाय निभावू शकणार असेल तर नाकातली नळी लावायची, मास्क बंद करायचा. पन्नास रुग्णांचा सरासरी प्रवाह आठवरून सहावर आला तर मिनिटाला १०० लिटर वाचतात, दिवसाला वीस जम्बो. ६०० च्या यंत्राच्या सहाव्या भागाइतकी क्षमता, एका पगारात.

इथे एक चूक जिवावर बेतते, म्हणून ती स्वतंत्र सांगतो. पिशवी असलेल्या मास्कचा प्रवाह दहा लिटरच्या खाली आणायचा नाही. पिशवी चपटी होते, रुग्ण स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढतो. बचत करायची तर साधन बदलायचं: दहा ते पंधराला पिशवीचा मास्क, पाच ते दहाला साधा मास्क, एक ते पाचला नाकातली नळी. साधा मास्कही पाचच्या खाली चालत नाही. ‘ऑक्सिजन वाचवा’ असा नुसता आदेश काढून हे सारणीसारखं भिंतीवर लावलं नाही, तर बचतीतून इजा होते.

ह्युमिडिफायरची, म्हणजे वायू ओलसर करणारी, बाटलीही याच फेरीत पाहायची. झाकण नीट बसलं नाही की वायू तिथूनच निसटतो आणि रुग्णापर्यंत निम्माच पोहोचतो. फ्लोमीटर मात्र पूर्ण आकडा दाखवत राहतो. बाटलीत निर्जंतुक किंवा डिस्टिल्ड पाणी, रोज बदललेलं. नळाचं पाणी वरून ओतत राहणं ही दुसऱ्या लाटेतली सर्रास दिसलेली सवय होती.

बिघडतं कुठे

दाबाचा काटा व्यवस्थित असूनही रुग्ण खालावतात, असं पीएसएवर होऊ शकतं. मागणी क्षमतेपलीकडे गेली की हवा दाण्यांमधून जास्त वेगानं जाते, नायट्रोजन पुरता धरला जात नाही आणि शुद्धता ८५, ८० अशी घसरते. दाब तेवढाच राहतो. म्हणून पहारा शुद्धतेच्या मीटरवर ठेवायचा, ९० च्या खाली वाजणारा गजर चालू आहे याची खात्री करायची आणि तो आवाज परिचारिकांच्या टेबलापर्यंत पोहोचवायचा. प्लांटच्या खोलीत वाजणारा गजर रात्री कोणाला ऐकू येत नाही.

खानदेशातल्या एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो. बंद पत्र्याच्या शेडमध्ये कंप्रेसर स्वतःच्याच उष्णतेनं तापून थांबतो. एक्झॉस्ट पंखे, उत्तरेकडची किंवा सावलीची बाजू आणि हवा आत घेण्याचं तोंड जनरेटरच्या धुरापासून दूर, या तीन गोष्टी नकाशा काढतानाच ठरवाव्या लागतात. पावसाळ्यात अडचण उलटी. ड्रायरचं पाणी सोडणारी झडप अडकली की पाणी झिओलाइटपर्यंत जातं. ओले दाणे नायट्रोजन धरत नाहीत, त्यांची भुकटी होते आणि सगळा थर बदलावा लागतो. ती छोटीशी झडप रोज हातानं उघडून पाहणं हा एवढाच त्यावरचा उपाय.

जुन्या पाइपलाइनचाही प्रश्न असतो. जनरल वॉर्डाची तांब्याची नळी कधीकाळी दहा-बारा खाटांचा विचार करून टाकलेली असते. पन्नास तोंडं एकदम उघडली की शेवटच्या खाटांवर दाब चार बारवरून तीनच्या खाली येतो आणि व्हेंटिलेटर ओरडू लागतो. जास्त प्रवाहाचे रुग्ण स्रोताजवळच्या खाटांवर ठेवायचे हा तातडीचा मार्ग. खरा उपाय म्हणजे जाड नळी टाकणं, आणि ते काम भरलेल्या वॉर्डात करता येत नाही.

सर्वांत गंभीर धोका पुरवठ्यात खंड पडण्याचा. नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. टाकीत ऑक्सिजन होता, टँकरही आलेला होता. पर्यायी रस्ता क्षणात सुरू होणं, हीच तिथली खरी गरज होती. पीएसएला हाच प्रश्न विजेच्या रूपानं येतो. हिशेब करून पाहा: २,००० लिटरची साठवण टाकी पाचवरून चार बारवर येईपर्यंत साधारण २,००० लिटर वायू देते. वॉर्ड मिनिटाला ६०० लिटर ओढत असेल तर तीन मिनिटं वीस सेकंद. जनरेटर तेवढ्यात सुरू झाला तरी थांबलेल्या प्लांटला योग्य शुद्धतेवर यायला पंधरा ते तीस मिनिटं लागतात. मधली पोकळी भरायला सिलिंडरांचा मॅनिफोल्ड, म्हणजे एकाच नळीला जोडलेली सिलिंडरांची रांग, हवा. दहा भरलेले जम्बो ६०० लिटरच्या मागणीवर दोन तासांना थोडे कमी टिकतात. दोन बाजू, प्रत्येकी दहा, आणि बाजू आपोआप बदलणारी झडप. प्लांट कितीही मोठा असो, हा मॅनिफोल्ड काढून सिलिंडर ‘इतरत्र उपयोगी पडतील’ म्हणून हलवायचे नाहीत.

लाट गेल्यावर

ऑक्टोबर २०२१ पर्यंत पीएम केअर्समधून १,२२४ पीएसए प्लांट मंजूर झाले आणि अकराशेहून अधिक सुरूही झाले. नंदुरबारची कल्पना देशभर पोहोचली, तिच्यातला माणसांचा भाग मात्र मागे राहिला. प्लांट चालवणारा आयटीआय झालेला तंत्रज्ञ कंत्राटावर असतो आणि लाट संपली की त्याचं कंत्राटही संपतं. बंद यंत्रातला झिओलाइट हवेतली ओल ओढत राहतो. वर्षभरानं बटण दाबलं की कंप्रेसर फिरतो, दाब येतो आणि मीटर ८० दाखवतो.

यावर काय करायचं ते महाग नाही. आठवड्यातून किमान एकदा काही तास प्लांट पूर्ण भारावर चालवून तो वायू वॉर्डाच्या लाइनीला द्यायचा, म्हणजे यंत्रही टिकतं आणि सिलिंडरही वाचतात. वहीत पाच रकाने: चालू तास, दाब, शुद्धता, खोलीचं तापमान, ड्रायरचं पाणी सोडलं का. कंप्रेसरचं तेल आणि फिल्टर बहुतेक यंत्रांत साधारण २,००० तासांना बदलावे लागतात. अखंड चालवल्यास ते ८३ दिवस होतात. म्हणजे तीन महिन्यांच्या लाटेत एक सर्व्हिसिंग लाट संपण्याआधीच येणार, आणि तेव्हा कंपनीचा माणूस मिळणार नाही. तेल आणि फिल्टरचा एक पूर्ण संच रुग्णालयाच्या भांडारात असावा आणि तो बदलणं स्थानिक तंत्रज्ञाला करून दाखवलेलं असावं.

देखभाल करार वॉरंटी संपण्याच्या तीन महिने आधी कागदावर यावा, कारण नव्या मंजुरीला तेवढा वेळ लागतोच. आणि दर तीन महिन्यांनी एकदा, दिवसाढवळ्या, वॉर्डातल्या डॉक्टरांना आधी सांगून आणि व्हेंटिलेटरशेजारी एकेक भरलेला छोटा सिलिंडर उभा करून, प्लांटची वीज मुद्दाम तोडून पाहावी: मॅनिफोल्ड किती सेकंदांत सुरू झाला, शेवटच्या खाटेवर दाब किती उरला, गजर कोणाला ऐकू आला. तीनही नोंदी त्याच वहीत जाव्यात.